भुलीत ऐकलेलं

किशोरी कुबल बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये मावशी म्हणून राबली, आणि त्या बावीस वर्षांत एक गोष्ट तिच्या कधीच अंगवळणी पडली नाही. टेबलावर माणूस आडवा व्हायचा, तोंडावर मास्क यायचा, भुलीचे डॉक्टर सलाईनच्या नळीत औषध सोडायचे, आणि बोलता बोलता तो माणूस निघून जायचा. छाती वरखाली व्हायची, पण ते मशीन करायचं. डोळ्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या. किशोरीने एकदा नवऱ्याला विचारलं होतं, "खंय जातत हे लोक?"

तिचा नवरा शंकर मालवाहू जहाजावर इंजिनात होता, वर्षातले आठ महिने दर्यावर. तो हसला. "खंय जातले? निजतत."

पण निजलेलं माणूस कूस बदलतं, घोरतं, हात लावला तर हुं करतं. हे लोक तसे निजत नव्हते.

तालुक्याच्या गावातलं ते ट्रस्टचं हॉस्पिटल. दोन थिएटरं, साठ खाटा, आणि अंगणात पेशंटांच्या नातेवाइकांनी वाळत घातलेले कपडे. पन्नाशीला टेकली तेव्हा किशोरीच्या पाठीच्या मणक्याने दगा दिला. पेशंट उचलणं बंद. तिला घरी बसवायचं की काय, असं चाललं होतं. पण त्याच सुमारास हॉस्पिटलने दर्जाचं प्रमाणपत्र मिळवायचं मनावर घेतलं, आणि प्रत्येक पेशंटचं मत लिहून घेणारं कोणीतरी हवं झालं. डॉक्टर, परिचारिका सगळे पेशंटांशी पुस्तकी मराठी बोलायचे. किशोरी मालवणी बोलायची आणि तिला लिहिताही यायचं. तिला जिन्याखाली एक टेबल मिळालं आणि फॉर्मांचा गठ्ठा.

फॉर्मवर बारा प्रश्न होते. नववा प्रश्न होता, 'भूल देण्याच्या सेवेबाबत आपण समाधानी आहात का?' खाली पाच चौकोन, 'अत्यंत समाधानी'पासून 'अत्यंत असमाधानी'पर्यंत, आणि प्रत्येक चौकोनावर एक गोल तोंड. पहिलं दात दाखवून हसणारं, शेवटचं रडणारं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरी खाटेखाटेने फिरायची.

"भुलीचा काय? बरा झाला मा?"

"बरा झाला गो बाय."

की दुसऱ्या, 'समाधानी'च्या चौकोनात खूण. कोणी वेगळं बोलतच नसे. पोटातला दगड काढलाय, जीव वाचलाय, घरी जायचंय, आणि विचारणारी बाई ओळखीचं हसतेय. त्यात कोण तक्रार करणार? महिन्याच्या शेवटी डॉ. कौस्तुभ रेडकर तिच्या टेबलापाशी यायचे. भूल तेच द्यायचे. उंच, किंचित वाकलेले, सावंतवाडीहून रोज गाडीने येणारे. आवाज इतका हळू की पेशंटाला कान द्यावा लागे. "किती?" ते विचारत. "अठ्ठ्याण्णव टक्के," किशोरी सांगे. ते मान हलवत. त्या मान हलवण्यात फुशारकी नव्हती, सुटका होती. ते तिला आवडायचं.

जानकी तांडेल आली ती जानेवारीत. आरोंद्याची, साठीची, पित्ताशयाच्या खड्यांसाठी. अंगाने चिवट बाई, खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून हातांची कातडी जाड झालेली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी किशोरी फॉर्म घेऊन गेली तेव्हा सगळा वॉर्ड पेज जेवत होता, आणि जानकी खाटेवर ताठ बसून होती. टाके ओले असताना असं बसणं दुखतं. तरी बसली होती.

"आडी पड गो मावशे."

"नको." जानकीने तिचं मनगट धरलं. "बाय, माका एक खरा सांग. थंय आत कोण मेला काय?"

"कोण नाय मेला. असा कित्या इचारतंस?"

"मग मीच मेललंय."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, भात जळला म्हणावं तसं. थिएटरातल्या बाईने अशा वेळी काय म्हणायचं ते किशोरीला ठाऊक होतं. "भुलीत स्वप्नां पडतत मावशे. सगळ्यांका पडतत."

जानकीने तिचं मनगट सोडलं नाही. "स्वप्नात माणूस पळता, बोंब मारता. माका पापणी हालवूक येय नव्हती. श्वास घेऊक येय नव्हतो. कोणतरी दुसरोच माझो श्वास घेय होतो."

"ह्या काय लिवू?"

"काय लिव नको. डॉक्टर देवमाणूस. बरा म्हणान लिव."

किशोरीने दुसऱ्या चौकोनात खूण केली. शेऱ्याच्या ओळीत आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'रुग्णास स्वप्न पडले.' आणि पुढच्या खाटेकडे वळली.

मार्च संपता संपता एका सकाळी जिन्याखाली एक तरुण बाई उभी राहिली. जानकीची सून, रसिका. स्वतःच्या तापासाठी आली होती, पण औषधाची चिठ्ठी हातात घेऊनही जायचं नाव घेईना.

"तुमी त्या फॉर्मवाल्या ना? सासूबाईंनी तुमचा वर्णन केल्यानी." मग तिने इकडेतिकडे बघितलं. "त्या निजत नायत. दोन महिने झाले. पाठ म्हणान टेकत नायत. खांबाक टेकान बसतत, तशीच डुलकी काढतत, आनी दचकान उठतत. गावात म्हणतत बाधा झाली. देवळात गाऱ्हाना घातला, अंगारो लावलो. काय नाय."

"डॉक्टरांका दाखयलास?"

"बीपी बघितल्यानी. बरा आसा म्हणाले." रसिकाने आवाज आणखी उतरवला. "आनी ताई, त्या मधीच दुसऱ्यांच्या आवाजात बोलतत."

त्या रविवारी किशोरी एसटीने आरोंद्याला गेली. दुपारची वेळ. खाडीला ओहोटी होती, पाणी लांब सरकलेलं आणि उघडा पडलेला काळा चिखल उन्हात चकाकत होता. त्यात कुर्ल्यांच्या बिळांतून बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज येत होता. त्यापलीकडे कसलाच आवाज नव्हता. गावातली माणसं जेवून आडवी झालेली. ह्या एवढ्या गावात या घटकेला एकच बाई आडवी नाही, हे किशोरीच्या मनात आलं आणि तिने पावलं उचलली.

जानकी मागच्या पडवीत खांबाला पाठ लावून बसली होती. निम्मी झाली होती. डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखं. किशोरीला बघून तिने ओळखीचं हसू केलं, रसिकाला सरबत करायला सांगितलं. सगळं शहाण्यासारखं. मग घरात कुठेतरी मोबाईल वाजला. टीट, टीट, टीट, एका लयीत, थिएटरातल्या मॉनिटरसारखा. जानकीचा चेहरा पुसून टाकल्यासारखा कोरा झाला. हात मांडीवर पडले ते पडलेच. पापणीही हलेना.

आणि त्या न हलणाऱ्या चेहऱ्यातून आवाज यायला लागला.

"सक्शन दे. नाही, ते नको, छोटं." हा एका पुरुषाचा तुटक सूर. मग जरा चिरका, बाईचा, "सर, काल सोसायटीत पाणीच नव्हतं आलं." मग एक हसणं. मग पुन्हा तुटक, "कॅमेरा खाली घे." जानकी तांडेल जन्मात मालवणीखेरीज दुसरं बोलली नव्हती. तलाठ्याशीसुद्धा ती मालवणीतच भांडायची. आता ती शहरी मराठी बोलत होती, ज्याची त्याची ढब धरून, एक अक्षर न चुकवता. किशोरीने ते आवाज ओळखले. तुटक बोलणारे सर्जन. पाण्याचं बोलणारी थिएटरची सिस्टर.

मग आवाज अगदी खाली गेला. इतका हळू की किशोरीला पुढे वाकावं लागलं.

"बाबांनी आज मला ओळखलं नाही."

रसिकाने सरबताचा पेला खाली ठेवला. "हा नेहमी येता. बाबांनी आज मला ओळखलं नाही. ताई, कोणाचे बाबा?"

मोबाईल थांबला. जानकीने पदराने तोंड पुसलं, जसं काही मध्ये घडलंच नव्हतं. "तो माझ्या उशाशी होतो," ती म्हणाली. "कोण तरी मेललो माणूस. तेका तेच्या बापसान वळाखल्यान नाय म्हणान रडा होतो. माका वाटला मी पण थंयच गेलंय. तेंच्यातच. आनी बाय, ते माका कापी होते, तां समजा होता. एक एक. मी बोंब मारी होतंय, माझीच बोंब माका आयकाक येय नव्हती."

परतीच्या बसमध्ये किशोरीने खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. हे भूत नव्हतं, बाधा नव्हती, स्वप्नही नव्हतं. ही बाई जागी होती. डोळ्यांवर पट्ट्या, अंगातली सगळी ताकद औषधाने काढून घेतलेली, आणि ती आत जागी. आणि हे तिने दुसऱ्याच दिवशी आपल्याला सांगितलं होतं. आपण त्याला स्वप्न म्हणून दुसऱ्या चौकोनात बंद करून ठेवलं.

सोमवारी तिने कपाटातून वर्षभराचे फॉर्म काढले आणि जिन्याखाली बसून एकेक शेरा वाचायला घेतला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला चार सापडले, संध्याकाळपर्यंत सात. सातही ठिकाणी तिचंच गोल अक्षर. 'रुग्णास स्वप्न पडले.' 'रुग्ण स्वप्नाबद्दल बोलत होते.' 'स्वप्न पडले, समाधानी.' एका ठिकाणी तर तिने लिहिलं होतं, 'रुग्णास कोणीतरी छातीवर बसल्याचे स्वप्न,' आणि खाली खूण, समाधानी. तिला यातला एकही चेहरा आठवेना. तेवढंच आठवत होतं की आपण हसून पुढे गेलो होतो.

तिने सातांचे केसपेपर मागवले. सातही ऑपरेशनं गेल्या आठ महिन्यांतली. सातही थिएटर नंबर दोनमधली.

डॉ. रेडकर डॉक्टरांच्या खोलीत एकटे चहा घेत होते. किशोरी दारात उभी राहिली. तिच्या हातातले फॉर्म बघून ते म्हणाले, "महिना संपला का? किती आहेत या वेळी?"

"डॉक्टर, टक्के नाही आणलेत." ऑफिसात आली की ती पुस्तकी मराठीत बोले, पण आज शब्द जड होत होते. "तुमची जानेवारीतली एक पेशंट. जानकी तांडेल. आरोंद्याची. ती जागी होती."

त्यांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. आईबाप मुलाची समजूत काढतात तसं बोलू लागले. बरेच पेशंट भूल उतरताना अर्धवट ऐकतात, त्यात स्वप्नं मिसळतात, मग वाटतं की ऑपरेशन चालू असतानाचंच ते. त्या दिवशीचा कागद त्यांना आठवत होता, नाडी, प्रेशर सगळं जागेवर होतं. भुलीच्या औषधाची डायल दोनवर होती.

"तिला बीपीची गोळी चालू आहे," किशोरी म्हणाली. "त्या गोळीने नाडी धावत नाही, असं तुम्हीच मागे सिस्टरला सांगत होतात. मी तिथे लादी पुसत होते."

"तरीही, किशोरीताई, इतकं—"

"बाबांनी आज मला ओळखलं नाही," किशोरी म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"ती हे बोलते. तुमच्या आवाजात. मी ऐकून आले."

खोलीत भिंतीवरच्या पंख्याची मान फिरत होती, इकडून तिकडे. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडत गेला, ओठांपर्यंत. ते म्हणाले, "हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. सकाळी घरातून निघताना बाबांनी मला विचारलं, आपण कोण? मी... मी तिथे बसून स्वतःशीच बोललो असेन. माझ्याजवळ दुसरं कोणी नव्हतं." मग त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं असावं. "ती होती," ते म्हणाले. "ती होती ना तिथे."

ते उठले आणि तडक थिएटर दोनमध्ये गेले. त्या दिवशीच्या उरलेल्या दोन्ही केस त्यांनी रद्द केल्या आणि दाराला स्वतःच्या हाताने कुलूप लावलं. सर्जन चिडले, ऑफिसातून फोन आले. डॉक्टरांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, मशीन तपासल्याशिवाय मी या खोलीत कोणाला झोपवणार नाही.

चार दिवसांनी कोल्हापूरहून माणूस आला. भुलीच्या मशीनवर एक जड पितळी डबा असतो, त्यात औषधाची वाफ होते आणि ती श्वासात मिसळते. त्या डब्याचा आतला भाग झिजला होता. डायल दोनवर ठेवली की बाहेर जेमतेम एक येत होतं, आणि कधी तेवढंही नाही. औषध खरोखर किती जातंय हे दाखवणारा पडदा नव्या मशीनला असतो, या जुन्याला नव्हता. ज्यांना थोडक्यात भूल चढते ते झोपले. ज्यांना जास्त लागते ते जागे राहिले. अंग लुळं पाडणारं औषध मात्र सगळ्यांना पुरेपूर मिळत होतं.

व्यवस्थापकांनी किशोरीला बोलावून घेतलं. प्रमाणपत्राच्या तपासणीला लोक महिनाभरात यायचे होते. 'स्वप्न' हा शब्द काही चुकीचा नव्हे, फॉर्म भरून झालेत, आता मागे जाऊन कशाला लिहायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. किशोरी उभीच राहिली. "साहेब, अक्षर माझं आहे," ती म्हणाली. तिने सातही फॉर्मांवर लाल शाईने लिहिलं, 'स्वप्न नव्हे,' आणि खाली सही केली. प्रमाणपत्र त्या वर्षी मिळालं नाही. काही दिवस कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर कोणी बसायचं नाही.

सातांपैकी एकीने फोनवर नुसतं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. दोघांनी भेटायला यायची गरज नाही म्हटलं. बाकीच्यांकडे डॉ. रेडकर स्वतः गेले, किशोरीला बरोबर घेऊन. पहिलं घर जानकीचं.

ते पडवीत जमिनीवर बसले. रसिकाने खुर्ची आणली, ती त्यांनी बाजूला सारली. "मावशी," ते म्हणाले, "तुम्ही मेल्या नव्हतात. तुम्ही जाग्या होतात. तुम्हाला झोपवणं माझं काम होतं आणि ते झालं नाही. जे ऐकलंत ते सगळं खरं आहे. आणि ते बाबांचं बोललो, तो मी."

जानकीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग हात पुढे करून त्यांच्या गालाला लावला, माणूस गरम आहे की थंड ते बघावं तसं. "तू जितो आसस?"

"हो."

"म्हणजे मी पिशी नाय?"

"नाही मावशी. तुम्ही अजिबात वेड्या नाही."

ती रडेल असं किशोरीला वाटलं होतं. जानकी संतापली. तिचा आवाज चढला तो खाडीपर्यंत गेला असेल. दोन महिने तिला लोकांनी धुपाटणं ओवाळलं होतं, नातवाला तिच्या मांडीवर बसू दिलं नव्हतं, आणि हे डॉक्टर आता येतात? तिने त्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या मशीनला घातल्या, किशोरीलाही घातल्या. "मी तुका सांगलंय होता! दुसऱ्या दिवशीच सांगलंय!" किशोरीने मान खाली घातली. डॉक्टर सगळं ऐकत राहिले. दम लागल्यावर जानकी थांबली, आणि मग म्हणाली, "आता बापूस वळाखता काय तुका?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"रोज नाव सांगीत रव," ती म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी रसिकाचा फोन आला, सासूबाई दुपारी कुशीवर आडव्या झाल्या म्हणून. पाठीवर अजून नाही. मोबाईलची ती टीट टीट अजूनही घरात बंदच ठेवावी लागते.

गणपत हिर्लेकरचं घर नांदगावच्या पलीकडे, काजूच्या कलमांनी भरलेल्या उतारावर. पंचावन्नचा, एकटा. बायको मुलाकडे मुंबईला. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. पाठीच्या कण्यात सुई जाईना म्हणून त्याला पूर्ण भूल दिली होती. सात फॉर्मांत त्याचा एकट्याचा वेगळा होता. त्याने 'अत्यंत समाधानी'वर खूण करायला लावली होती, दात दाखवून हसणाऱ्या तोंडाखाली. तरी शेरा तोच, 'स्वप्न पडले.'

डॉक्टर बोलायला लागायच्या आधीच त्याने विचारलं, "दुसऱ्या बाजूचा ऑपरेशन कधी करूचा? त्याच खोलीत करतलास मा?"

"गणपतराव, तुम्हाला त्या दिवशी काय आठवतं?"

"सगळा." तो अंगणातल्या काजूबियांच्या ढिगापाशी बसला, पण हात लावला नाही. "दुखला. इतक्या दुखला, तेका शब्द नाय. माका वाटला, मी पेटलंय. आनी मगे भाई इलो."

भाई त्याचा थोरला भाऊ. एकतीस वर्षांपूर्वी नदीच्या कोंडीत, खोल डोहात, दोघे पोहायला गेले, भाई भोवऱ्यात ओढला गेला. गणपत खडकाला धरून होता, भाईचं मनगट त्याच्या हातात. "आनी मी सोडलंय," गणपत म्हणाला. "लोकांका सांगलंय, हात निसाटलो. निसाटलो नाय. मी बुडतलंय म्हणान सोडलंय. बायलेक पण म्हायत नाय ह्या." त्याने वर बघितलं. त्याच्या तोंडावर असा काही उजेड होता की किशोरीला बघवेना. "भाई माझ्या उशाशी इलो आनी म्हणालो, सोड. सोड आता. काही होत नाही. दोनदा म्हणालो."

किशोरीने डॉक्टरांकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. सर्जनांच्या हाताखाली त्या वर्षी एक नवीन डॉक्टर शिकत होता. चिमटा कधी सोडायचा याची त्याला धास्ती वाटे, आणि सर्जन त्याला दर ऑपरेशनला सांगत, सोड, सोड आता, काही होत नाही. बावीस वर्षांत किशोरीने हे वाक्य कितीतरी शिकाऊ डॉक्टरांना सांगितलेलं ऐकलं होतं.

डॉक्टरांनी त्याला खरं सांगितलं. तुम्ही जागे होतात, औषध कमी पडलं, मशीन बिघडलं होतं, चूक आमची. वेदना खऱ्या होत्या. एवढं बोलून ते थांबले. ते 'सोड' कोणाचं होतं, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं किशोरीला दिसलं. ते त्यांनी गिळलं.

गणपतने सगळं ऐकून घेतलं. "तां मशीनचा तुमचा तुमी बघा," तो समजुतीने म्हणाला. "भाई इललो तां माझा."

गाडीत बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "मी सांगायला हवं होतं का?" किशोरी उताराकडे बघत होती. गणपत अजून तिथेच बसला होता, हात मांडीवर उपडे ठेवून. ती म्हणाली, "मला विचारू नका डॉक्टर."

पावसाळा सरल्यावर गणपत दुसऱ्या ऑपरेशनला आला. एव्हाना थिएटर दोनमध्ये नवीन मशीन बसलं होतं. पेशंटच्या कपाळाला एक पट्टी लागायची आणि तो किती खोल गेलाय याचा आकडा पडद्यावर दिसायचा. किशोरीचा फॉर्मही बदलला होता. नवव्या प्रश्नाच्या आधी डॉ. रेडकरांनी तीन प्रश्न घातले होते. झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जागं झाल्यावर पहिलं काय? आणि मधलं काही? ते तीन प्रश्न ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने पुन्हा विचारायचे. विचारल्यावर गप्प बसायचं, हे किशोरीने स्वतःच ठरवलं होतं. कितीही वेळ लागो.

गणपत नवा पांढरा सदरा घालून आला होता. दाढी केलेली. लग्नाला निघाल्यासारखा. आत नेताना त्याने स्ट्रेचरवरून विचारलं, "ह्याच खोली मा?" आणि ती असल्याचं कळल्यावर डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरी त्याच्या खाटेशी बसली.

"शेवटचा काय आठवता?"

"डॉक्टर म्हणाले, मी हंय आसंय."

"जागो झाल्यार पयला?"

"तान लागली."

"आनी मधला काय?"

किशोरी थांबली. शेजारच्या खाटेवर कोणीतरी पेज ढवळत होतं. खिडकीबाहेर एक रिक्षा येऊन, माणसं उतरवून, निघूनही गेली. गणपतच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं, तरी चेहरा हलला नाही.

"काय्येक नाय," तो म्हणाला. "काळोख पण नाय. माका तेका इचारूचा होता, हात सोडल्यार मगे काय झाला. खूप थंड होता काय. मी मनात धरान गेललंय. पण थंय कोणच नव्हतो. मी पण नव्हतंय."

किशोरीला नियमाने नववा प्रश्न विचारायचा होता. तिला तो विचारवेना. शेवटी तिने फॉर्म त्याच्यापुढे धरला. गणपतने पाची तोंडांवरून नजर फिरवली आणि शेवटच्या, रडणाऱ्या तोंडावर बोट ठेवलं.

"हेच्यात."

त्या हॉस्पिटलात इतकी उत्तम भूल आजवर कोणाला दिली गेली नव्हती. आकडा एकदाही इकडचा तिकडे झाला नव्हता. किशोरीने शेवटच्या चौकोनात खूण केली, आणि शेऱ्याच्या ओळीत त्याचे शब्द त्याच्याच बोलीत, आहे तसे लिहिले. डॉ. रेडकरांनी महिन्याच्या शेवटी तो फॉर्म वाचला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. खाली सही करताना त्यांचं पेन जरा अडलं, पण त्यांनी काही खोडायला सांगितलं नाही.

घरी सोडलं त्या दिवशी गणपत पिशवी घेऊन जिन्याखालून जाताना थांबला.

"डॉक्टरांका वायट वाटाक देव नको," तो म्हणाला. "तेंचा काम बरा झाला. माझाच रवला."

मग त्याने एका हाताने टाके धरले, दुसऱ्या हाताने पिशवी सावरली आणि नांदगावची एसटी किती वाजता आहे ते विचारून तो उन्हात उतरला.